‘रुजू’ ते मुद्रितशोधन : मराठी कचेरीतील लेखनशुद्धीचा इतिहास

(१)

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार ज्या कथेवरून मराठीत रूढ झाला ती कथा सर्वश्रुत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. राघोबादादांनी गारद्यांस दिलेल्या लेखात ‘धरावे’ असा शब्द होता, आणि आनंदीबाईने त्यातील एक अक्षर पालटून ‘मारावे’ असे केले, असे परंपरा सांगते. ही कथा अस्सल कागदापेक्षा लोकांच्या स्मरणावर अधिक उभी आहे हे इतिहासाच्या अभ्यासकांस विदितच आहे. तथापि तिची सत्यासत्यता हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. लिहिलेल्या एका अक्षरावर मनुष्याचे जीवित अवलंबून असू शकते ही जाणीव मराठी समाजाने या एका वाक्प्रचारात साठवून ठेवली आहे, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

या कथेत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे व तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तो कागद एका हातातून निघाला, दुसऱ्या हाती पडला आणि वाटेत त्याची रुजुवात कोणीही केली नाही. कटाचा कागद असाच चालावयाचा, कारण गुप्तता हेच त्याचे बळ असते. परंतु मराठी राज्याच्या दफ्तरातील नित्याचा कागद अशा रीतीने चालत नसे. तो एकाने लिहावा, दुसऱ्याने तपासावा, तिसऱ्याने नोंदवावा आणि मग त्यावर मोर्तब व्हावे अशी व्यवस्था होती. कारभारातील लेखन निर्दोष व्हावे यासाठी मराठी कचेरीने कोणकोणते उपाय योजिले, त्यांत काळानुसार कोणते पालट झाले, आणि त्या पालटांत काय साधले व काय गमावले, याचा विचार पुढे केला आहे.

(२)

कारभाराचे लेखन ही एक स्वतंत्र विद्या आहे अशी जाणीव महाराष्ट्रात फार जुनी आहे. पत्रलेखनाचे नमुने व नियम सांगणाऱ्या ग्रंथांस मेस्तके म्हणत, आणि परंपरेने त्यांचे कर्तृत्व देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याजकडे दिले जाते. मोडी लिपी त्यानेच प्रचारात आणिली असेही परंपरा मानते. त्या मताची चिकित्सा विद्वानांनी पुष्कळ केली आहे. परंतु अशा प्रकारच्या ग्रंथांची गरज लेखकवर्गास भासत होती आणि ती गरज पिढ्यान्‌पिढ्या टिकून होती, ही गोष्ट निर्विवाद आहे. वडिलांस ‘तीर्थरूप’, कनिष्ठांस ‘चिरंजीव’, शास्त्रीपंडितांस ‘वेदमूर्ती’, सरदारांस ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’ असे मायने ठरलेले असत. मायना चुकला तर तो केवळ शिष्टाचाराचा भंग होत नसे. लिहिणाराने समोरच्याचा दर्जा नाकारला असा त्याचा अर्थ होत असे. म्हणून नवशिका कारकून प्रथम मायने पाठ करी आणि मग मजकूर लिहावयास शिके.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस वाहिला. त्यातील उपदेश बाळबोध अक्षराविषयी आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, ओळींतील अंतर सारखे राखावे, आरंभापासून अखेरपर्यंत ग्रंथ एकाच टाकाने लिहिला असे वाटावे, पानाच्या कडांस जागा सोडावी, आणि लेखनाचे साहित्य आधी सिद्ध करून मग लिहावयास बसावे, असा त्याचा आशय आहे. अध्यात्मपर ग्रंथात लेखणी, शाई व कागद यांच्या विचारास स्थान मिळावे ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्या काळी प्रत्येक प्रत हातानेच सिद्ध होत असे, त्या काळी नकलणाराचा आळस म्हणजे ग्रंथाचा नाश होय, हे त्यामागील मर्म आहे.

परंतु कचेरीतील अक्षर बाळबोध नसून मोडी होते, आणि मोडीचे गुणदोष वेगळे आहेत. मोडी लिहिताना प्रथम पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली बोरूने अक्षरे लिहीत जातात. हात शक्य तितका कमी उचलावा लागतो, त्यामुळे लेखन वेगाने होते. शब्दाशब्दांत अंतर नसते, विरामचिन्हे नसतात, आणि इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही. शिवाय ‘रा॥’, ‘मु॥’ अशा संक्षेपांची रेलचेल असते. तात्पर्य, आज ज्यास शुद्धलेखन म्हणतात त्याचा बहुतेक भाग मोडी कागदात संभवतच नव्हता. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले म्हणून पेशव्यांच्या फडावर कोणा कारकुनास बोल लागला असेल असे मानावयास आधार नाही. मग त्या फडावर चूक म्हणून कशास गणीत असत? याचे उत्तर दफ्तराच्या रचनेतच सापडते.

(३)

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळचा, म्हणजे १६७४ सालचा, म्हणून जो कानुजाबता प्रसिद्ध आहे, त्यात अष्टप्रधानांची कामे वाटून दिली आहेत. त्यात सचिवाकडे सोपविलेले काम लेखनाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. राजपत्रांचा शोध करून त्यांतील अधिकउणे अक्षर व मजकूर शुद्ध करावा, असा त्याचा आशय आहे. लढाईवर जाणे, स्वाधीन मुलखाचे रक्षण करणे ही प्रधानाची कामेही त्यास होतीच. परंतु त्यांच्या आधी आलेले काम म्हणजे आजच्या भाषेत मुद्रितशोधकाचे काम होय. लेखन चिटणिसाचे, परंतु तपासणी सचिवाची. लिहिणारा आणि तपासणारा या दोन भिन्न व्यक्ती असाव्यात, आणि तपासणाराचा अधिकार लिहिणाराहून मोठा असावा, ही दोन तत्त्वे या वाटणीत स्पष्ट दिसतात. बाळाजी आवजींसारखा लेखणीचा धनी चिटणीस असतानाही ही तपासणी अनावश्यक मानिली गेली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच राजवटीत सिद्ध झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त फारसी व अरबी मूळच्या कारभारी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले असून त्यात लेखनविषयक शब्दांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. कोशातील संस्कृत शब्द दफ्तरात थोडेच रुळले. चिटणीस, फडणीस, मसुदा, नक्कल, दफ्तर हे शब्द टिकले ते टिकलेच. त्यांतील काही शब्द लेखनाच्या क्रियेचा इतिहास आपल्या पोटात वागवितात. ‘मसुदा’ हा शब्द अरबी भाषेतील काळा या अर्थाच्या धातूपासून आला आहे. मसुदा म्हणजे काळा केलेला कागद. खाडाखोड, ओळींमधील भर आणि शाईचे डाग ही त्याची प्रकृतीच होय. पहिल्या लेखनात दोष असावयाचेच, हे ज्या कचेरीने आपल्या परिभाषेतच मान्य केले, तिने दोष काढण्याची वेगळी पायरीही नेमून दिली. ती पायरी म्हणजे ‘रुजू’. रुजू करणे म्हणजे मूळ कागदाशी किंवा नोंदीशी ताडून पाहणे. ‘रुजुवात’ हा शब्द मराठीत आजही याच अर्थाने चालतो.

अस्सल कागद पाहिला असता त्यावर या पायऱ्यांच्या खुणा दिसतात. माथ्यावर मुद्रा असते. मजकूर संपताच ‘लेखनसीमा’ किंवा ‘मर्यादेयं विराजते’ अशा अक्षरांचे मोर्तब असते. त्याचा हेतू शोभेचा नाही. येथे लेखन संपले. यापुढे एक अक्षर जरी आढळले तरी ते मूळचे नव्हे, असा त्याचा अर्थ होय. कागद दफ्तरी नोंदला गेल्याची ‘बार’ ही खूणही अनेक पत्रांवर आढळते. म्हणजे धन्याच्या हातची पत्रे वगळता नित्याचा कागद पाठविला जाण्यापूर्वी निदान तीन वेळा कोणाच्या तरी नजरेखालून जात असे : एकदा लिहिताना, एकदा तपासताना आणि एकदा नोंदताना.

कालगणनेतही अशीच दुहेरी-तिहेरी तजवीज होती. मराठी पत्रांत सुहूर सन आकड्यांनी न लिहिता बहुधा अरबी संख्याशब्दांनी लिहीत. उदाहरणार्थ, ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर व हजार, अर्थात ११७७. त्यात ५९९ मिळविले असता इसवी सन १७७६ येतो. ते वर्ष १७७६-७७ होय. आकड्यात एक रेघ वाढवून वर्ष पालटता येते; अक्षरी संख्येत तसे करणे कठीण जाते. त्याखेरीज ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी महिन्याचा चंद्र दिलेला असतो आणि अनेकदा शालिवाहन शकाची तिथीही असते. या निरनिराळ्या कालगणना परस्परांशी जुळल्या नाहीत तर कागद नकलताना चूक झाली आहे किंवा तो बनावट आहे असा संशय येतो. बाळाजी प्रभाकर मोडक यांच्या जंत्रीसारखी साधने हाती घेऊन संशोधक जी कालनिश्चिती करितात ती मूळ लेखकांच्या या सावधगिरीमुळेच शक्य झाली आहे. हुंडीवर आणि पुढे धनादेशावर रक्कम अंकी व अक्षरी अशी दोहोंनी लिहिण्याच्या चालीमागील तत्त्व हेच होय.

यावरून मोडी कागदातील शुद्धीची कल्पना ध्यानात येते. शुद्ध कागद म्हणजे ज्याचा मायना योग्य, रक्कम बिनचूक, काल निश्चित, शेवट बंद आणि नोंद पक्की, असा कागद. अक्षराच्या वळणापेक्षा आणि वर्णांच्या ऱ्हस्वदीर्घत्वापेक्षा या पाच गोष्टींस अधिक महत्त्व होते.

(४)

अठराव्या शतकात पुण्याच्या हुजूर दफ्तरात या व्यवस्थेचा विस्तार झाला. चालते दफ्तर व एकबेरीज दफ्तर असे त्याचे मुख्य विभाग होते. नित्याचे हुकूम, सनदा, बेहेडे, सरंजाम यांचे कागद चालत्या दफ्तरात सिद्ध होत. आणि निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले हिशेब एकत्र करून, त्यांची खतावणी व तर्जुमे करून ते एकबेरीज दफ्तरात ठेवीत. रोजच्या घडामोडी रोजकीर्दीत चढत. परगण्यांतही मामलेदाराच्या जोडीस दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, चिटणीस, पोतनीस असे दरखदार असत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई व मामलेदारास त्यांना दूर करता येत नसे. मुजुमदाराने तपासावे, फडणिसाने तारीख घालावी, दफ्तरदाराने नोंदीवरून हुजुरास हिशेब द्यावा, अशी ही साखळी होती. एकाची चूक दुसऱ्यास दिसावी आणि एकाची लबाडी दुसऱ्यास नडावी, असा दुहेरी हेतू त्यात होता. चूक आणि लबाडी यांच्यावरील उपाय एकच आहे, तो म्हणजे दुसरी नजर, हे या कारभाऱ्यांनी ओळखले होते.

नाना फडणीस हयात होते तोवर ही शिस्त कसोशीने पाळली गेली. १८०० साली नाना निवर्तले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दफ्तराची हेळसांड झाली. कागद जागच्या जागी राहिले नाहीत आणि नोंदी खंडित झाल्या. १८१८ साली राज्य गेल्यावर इंग्रज अंमलदारांनी दफ्तर ताब्यात घेतले, तेव्हा त्यांस नानांच्या काळचा व्यवस्थितपणा आणि त्यानंतरची अव्यवस्था यांतील भेद स्पष्ट दिसला.

या हेळसांडीचे फळ ज्यांस भोगावे लागले ते लोक हेळसांड करणारे नव्हते. १८५२ साली कायदा होऊन इनाम कमिशनास अधिकार मिळाले आणि दख्खनातील इनामांची चौकशी सुरू झाली. ज्याच्या घरी अस्सल सनद आहे आणि जिची नोंद दफ्तरात सापडते त्याचे इनाम टिकावे. ज्याचा कागद संशयास्पद किंवा नोंदविरहित असेल त्याचे खालसा व्हावे, असा त्या चौकशीचा रोख होता. या खात्यात ‘लोकहितवादी’ गोपाळ हरी देशमुख यांनीही काम केले. हजारो कुटुंबांच्या जमिनी या चौकशीत गेल्या. त्यांतील सर्वच दावे खरे होते असे नाही. परंतु ज्यांचा हक्क खरा होता आणि ज्यांच्याजवळ तो सिद्ध करण्याजोगा कागद मात्र नव्हता, अशांचे दुःख मोठे होते. आजोबांच्या वेळी कोणा कारकुनाने नोंद करण्यात केलेला आळस नातवाच्या शेतावर येऊन आदळला. कचेरीतील लेखन हे लिहिणाराच्या हयातीपुरते नसते, ही गोष्ट त्या पिढीस फार मोठी किंमत देऊन कळली.

तरीही दफ्तराची मूळ घडण इतकी मजबूत होती की, त्यातील कोट्यवधी कागद पुण्यातील पेशवे दफ्तरात आजही सुरक्षित आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात प्रसिद्ध केले. त्याआधी १८९८ पासून इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड काढावयास आरंभ केला होता. मोडी कागद बाळबोधात छापताना संपादकांपुढे जो पेच पडला तो येथे उल्लेखनीय आहे. मुळात नसलेला ऱ्हस्वदीर्घ भेद आणि पदच्छेद संपादकास स्वतः घालावा लागतो. पदच्छेद चुकला तर अर्थ पालटतो. आणि जुन्या कारकुनाने न केलेली चूक नव्या छापखान्यातून त्याच्या माथी बसते.

(५)

छापखान्याच्या आगमनाने लेखनशुद्धीची कल्पनाच पालटली. अमेरिकन मिशनचा मुंबईतील छापखाना, १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर काढलेले पंचांग, आणि ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेले ‘दर्पण’ हे या पर्वाचे आरंभीचे टप्पे होत. हस्तलिखितातील चूक एका प्रतीची असते. छापील चूक एकाच वेळी सर्व प्रतींची होते. तसेच छापलेला मजकूर अनोळखी वाचकांच्या हाती पडतो. त्यांस लेखकाचा आवाज ठाऊक नसतो, संदर्भ ठाऊक नसतो. म्हणून जे मोडी पत्रात संदर्भाने समजे ते छापील पानावर चिन्हांनी सांगणे भाग पडले.

१८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आणि १८३६ साली दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यायोगे शब्दांची रूपे व त्यांचे नियम एका ठिकाणी पाहावयास मिळू लागले. मेजर टॉमस कँडी यांनी शालेय पुस्तके व सरकारी भाषांतरे तपासण्याचे काम दीर्घकाळ केले आणि इंग्रजीतील विरामचिन्हे मराठीत रुजविण्यात पुढाकार घेतला. सरकारी छापाच्या या मराठीवर विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पिढीने टीकास्त्र सोडले, आणि तीत तथ्यही होते. पुस्तकी व्याकरणाने तपासलेले वाक्य निर्दोष असूनही निर्जीव असू शकते. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे : सरकारी पुस्तक छापण्यापूर्वी ते एका नेमलेल्या, जबाबदार माणसाने अक्षरशः वाचावे, हा पायंडा या काळात दृढ झाला. सचिवाचे जुने काम नव्या वेषात परत आले, असे म्हणावयास हरकत नाही.

या कामास प्रतिष्ठा मिळवून दिली ती जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने. जावजींनी प्रथम अक्षरे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ साली छापखाना सुरू केला. तेथील देवनागरी अक्षरे सुबकपणासाठी हिंदुस्थानभर नावाजली गेली. परंतु निर्णयसागरची खरी कीर्ती त्याच्या संस्कृत ग्रंथांच्या शुद्धतेवर उभी होती. काशीनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारखे पंडित तेथे ग्रंथांचे संशोधन व शोधन करीत. तपासनीस हा कारकून नसून शास्त्री असावा, हे जावजींचे धोरण होते. काशीपासून दक्षिणेपर्यंतच्या पाठशाळांत निर्णयसागरची प्रत प्रमाण मानली गेली ती यामुळेच.

देवनागरीचे मुद्रितशोधन कष्टाचे का असते हे समजण्यासाठी खिळ्यांची रचना ध्यानात घ्यावी लागते. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक बसतात. देवनागरीत काना पुढे, वेलांटी मागे किंवा पुढे, मात्रा व अनुस्वार वर, उकार खाली, आणि जोडाक्षरे स्वतंत्र, अशी चोहोंकडून रचना होते. त्यामुळे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी वाढतात. मात्रा निसटली, रफार पुढच्या अक्षरावर सरकला, पहिली वेलांटी दुसरी झाली, अनुस्वार छपाईत तुटला, असे दोष प्रत्येक पानात संभवतात. लोकमान्य टिळकांसारख्या व्यग्र पुरुषानेही खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत लक्ष घातले ते उगाच नव्हे. चांगल्या छापखान्यांत एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवावी अशी रीत होती. रुजुवातीचीच ही नवी आवृत्ती होय. डोळा ओळखीच्या शब्दावरून घसरत जातो. कानास मात्र प्रत्येक शब्द ऐकावा लागतो, हे त्या रीतीचे कारण.

(६)

छापखान्यामुळे प्रमाण लेखनाची गरज निर्माण झाली आणि तिच्या पाठोपाठ वादही आले. जुन्या लेखनात व्युत्पत्तीस अनुसरून अनुच्चारित अनुस्वार देत. ‘नांव’ म्हणजे अभिधान आणि ‘नाव’ म्हणजे होडी, असा भेद केवळ एका बिंदूवर उभा होता. ‘ती’ हे स्त्रीलिंगी एकवचन आणि ‘तीं’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन हाही तसाच भेद होता. हे बिंदू उच्चारात उरले नव्हते. म्हणून ते शिकावे लागत, आणि ते शिकण्याची संधी थोड्यांसच होती. विसाव्या शतकाच्या आरंभापासून याविषयी मतभेद चालू राहिले. एका पक्षास अनुस्वार गाळणे म्हणजे भाषेचा इतिहास पुसणे वाटे. दुसऱ्या पक्षास ते ठेवणे म्हणजे लेखनाचा अधिकार मूठभरांकडे ठेवणे वाटे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात अर्थ होता.

१९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि राज्यकारभार मराठीत चालविण्याचा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. त्याच वर्षी भाषा संचालनालय निर्माण झाले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले लेखनविषयक १४ नियम शासनाने मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. अनुच्चारित अनुस्वार त्यांनी रद्द केले. ‘कवि’, ‘गुरु’ यांसारखे तत्सम शब्द मराठीत ‘कवी’, ‘गुरू’ असे दीर्घान्त लिहावेत, मात्र ‘कविचरित्र’, ‘गुरुदक्षिणा’ अशा समासांत मूळचा ऱ्हस्व ठेवावा, असे ठरले. १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला आणि पदनामे, कारभाराचे शब्द, नमुने यांचे कोश सिद्ध होत गेले. टिप्पणी, मसुदा, स्वच्छ प्रत, आवक, जावक अशी कचेरीतील कागदाची नवी साखळी तयार झाली. तिच्यातील निम्मे शब्द संस्कृत आणि निम्मे जुन्या फडावरचे, हा योगायोग बोलका आहे.

या नियमांमुळे कारकुनाचे लेखन सुलभ झाले यात शंका नाही. परंतु त्याबरोबर एक अनिष्ट समजही पसरला. लेखन शुद्ध असणे म्हणजे ऱ्हस्वदीर्घ बरोबर असणे, असे सर्वसामान्य कर्मचाऱ्यास वाटू लागले. ज्या पत्रात प्रत्येक वेलांटी जागच्या जागी आहे, परंतु अर्जदाराने काय करावे हे कोठेच सांगितलेले नाही. ज्या आदेशात कर्ता नाही आणि मुदतीची तारीखही नाही. ज्या विवरणपत्रात बेरीज चुकली आहे, ते लेखन नियमांच्या कसोटीस उतरेल, पण फडाच्या कसोटीस उतरणार नाही. पेशवाईतील कारकुनास ऱ्हस्वदीर्घ कळत नव्हते. तरी त्याने लिहिलेल्या पत्रावरून कोणास, किती, केव्हा आणि कोणाच्या आज्ञेने द्यावयाचे हे आज अडीचशे वर्षांनीही उलगडते. उलट, मोडीच्या त्या मोकळेपणाचे गुणगान करून प्रमाण लेखन टाकून देणेही शहाणपणाचे नाही. फडावरचा वाचक ठरलेला होता. आजच्या कागदाचा वाचक कोण असेल याचा नेम नाही.

(७)

मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून व व्यवहारातून मावळली. २०१४ साली तिला संगणकाच्या युनिकोड संकेतात स्थान मिळाले. खिळे जुळविण्याचा व्यवसायही संगणकापुढे टिकला नाही. याचा लेखनशुद्धीवर झालेला परिणाम मूलगामी आहे. पूर्वी चिटणीस, सचिव आणि नोंद करणारा, किंवा लेखक, जुळारी आणि शोधक, अशा निदान तीन माणसांत वाटलेले काम आज बहुधा एकाच माणसाकडे आले आहे. तोच मसुदा करितो, तोच अक्षरे जुळवितो, तोच तपासतो आणि तोच पाठवितो. यंत्र वर्णांची तपासणी काही अंशी करिते. परंतु ‘धरावे’ आणि ‘मारावे’ हे दोन्ही शब्द शुद्ध असल्याने त्यांपैकी कोणता अभिप्रेत होता हे केवळ वर्ण पाहणाऱ्या यंत्रास सांगता येत नाही.

म्हणून जुन्या दफ्तराचा इतिहास हा केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही. एकाच माणसास तिघांची कामे करावयाची असतील तर ती त्याने वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दृष्टीने केली पाहिजेत, हा बोध त्यातून निघतो. लिहिताना चिटणीस व्हावे आणि मसुदा काळा होऊ द्यावा. मग काही काळ जाऊ द्यावा आणि सचिवाच्या नजरेने तो पाहावा : अधिक अक्षर कोठे आहे, उणे कोठे आहे. नंतर मुजुमदार होऊन केवळ आकडे, नावे व तारखा मूळ कागदाशी ताडाव्यात. त्या वेळी भाषेकडे लक्ष देऊ नये. अखेरीस छापखान्यातील रीतीप्रमाणे मजकूर मोठ्याने वाचावा, आणि शक्य असेल तर दुसऱ्यास वाचावयास लावून आपण ऐकावा. मोर्तब त्यानंतर.

दुसरी नजर मिळविणे आज पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे आणि तिची गरज मात्र कमी झालेली नाही. आपल्या लेखनाची दुसऱ्याने तपासणी करावी यात कमीपणा आहे ही समजूत अलीकडची आहे; बाळाजी आवजींच्या पत्रांचीही तपासणी होत होती. इनाम कमिशनापुढे रित्या हाताने उभ्या राहिलेल्या माणसाने स्वतः काहीच चूक केली नव्हती. चूक ज्याची, तो तोवर जगातून निघून गेला होता. कचेरीत बसून लिहिणाराने आपल्या कागदाच्या शेवटी पूर्णविराम देण्यापूर्वी त्या माणसाची आठवण ठेवावी, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे.